दात्याचे उत्तरदायित्व

(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



१९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आले आणि गोव्यातील हिंदू समाजाला मोकळा श्वास घेता आला. त्यानंतरच्या काळात गावोगाव मराठी शाळा आणि वाचनालये उभी राहिली, आणि ती उभी राहिली लोकांच्या वर्गणीवर. आपले वाचनालय त्याच परंपरेतले. विषय निवडण्याची मोकळीक आपण मला दिलीत, तेव्हा ग्रंथांविषयी बोलण्याऐवजी ज्याच्या आधारावर अशा संस्था जगतात त्या दानाविषयी बोलावे असे मनात आले. त्यातही आज मी आपल्या कॅथलिक बांधवांच्या दानाविषयी, म्हणजे ते आपल्या चर्चला जे देतात आणि त्यामुळे त्यांच्यावर जी नैतिक जबाबदारी येते तिच्याविषयी बोलणार आहे.

मराठीच्या हिंदू प्राध्यापकाने हा विषय का घ्यावा, अशी शंका काहींच्या मनात येईल. पेडणे आणि डिचोली या तालुक्यांत कॅथलिक समाज संख्येने लहान, पण शेजाराने फार जवळचा आहे. हरमलची माउंट कार्मेलची इगर्ज, पेडण्याची सेंट जोझेफची इगर्ज, डिचोलीची अवर लेडी ऑफ ग्रेसची इगर्ज ही आपल्याही गावांची ठिकाणे आहेत. शिवाय मराठीच्या अभ्यासकाला ख्रिस्ती धर्मविचार परका नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यातच छापले गेले, आणि ओवीचा तो ग्रंथ वगळून आमचा अभ्यासक्रम पुरा होत नाही.

विषयाला निमित्त मात्र माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे आहे. तो आज तारवटी आहे. वर्षातले आठ-नऊ महिने बोटीवर असतो. सुटीत भेटला असता त्याने एक प्रश्न विचारला. परदेशातील वृत्तपत्रांत तो चर्चमधील मुलांवर झालेल्या अत्याचारांविषयी, ते झाकले गेल्याविषयी आणि नुकसानभरपाईपोटी गेलेल्या पैशाविषयी वाचत असतो. स्वतः तो दर वर्षी फेस्ताला आणि इगर्जीच्या दुरुस्तीला न चुकता पैसे पाठवतो. आपल्या फिरगजेविषयी त्याची काही तक्रार नव्हती. त्याचे म्हणणे इतकेच, की मी दिलेल्या पैशातून कुठे काही अनुचित घडले तर त्याचा वाटा माझ्याकडे येतो की नाही? पैसे न पाठवले तर आईच्या जिवाला लागेल आणि पाठवले तर माझ्या मनाला स्वस्थता नाही, असे तो म्हणाला. दोन वाक्यांत वाटेला लावावा असा हा प्रश्न नव्हे. म्हणून त्याचा थोडा सविस्तर विचार आपल्यासमोर करतो.

प्रथम इतिहास पाहू, कारण देणाऱ्याची जबाबदारी ही त्याच्या स्वातंत्र्यावर अवलंबून असते. १५४० च्या सुमारास तिसवाडीतील देवळे पाडली गेली. १५४१ साली तेथील गावकारांकडून देवस्थानांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चच्या कार्यासाठी, पुढे सेंट पॉल कॉलेज म्हणून प्रसिद्ध झालेल्या संस्थेसाठी, लावून घेण्यात आले. कागदोपत्री ती गावकारांची संमती होती. परंतु देवळे पाडणारी सत्ता समोर उभी असताना दिलेल्या संमतीला संमती म्हणवत नाही. दिवाडीचा सप्तकोटेश्वर नदीपलीकडे डिचोली तालुक्यातील नार्वे येथे आणला गेला आणि १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी तेथे त्याचे देऊळ बांधविले, ही त्याच इतिहासाची दुसरी बाजू. ज्यांच्याकडून हे उत्पन्न घेतले गेले त्या गावकारांना त्याच्या पुढच्या विनियोगाबद्दल कोण जबाबदार धरील? जेथे नकार देण्याची सोय नाही तेथे दानही नाही आणि दात्याचे उत्तरदायित्वही नाही.

डिचोली आणि सत्तरी १७८१-८२ च्या सुमारास, तर पेडणे १७८८ साली पोर्तुगिजांकडे गेले. या नव्या काबिजादींत धर्मात हात न घालण्याचे धोरण होते, म्हणून येथील देवळे राहिली. चर्चच्या योगक्षेमाचा भार मात्र पाद्रोआदच्या व्यवस्थेने राजसत्तेने आपल्याकडे घेतलेला होता. धर्मप्रसाराचा अधिकार राजाचा, तसाच धर्मगुरूंच्या पोषणाचा खर्चही राजाचा. अशा व्यवस्थेत सामान्य भाविक फेस्ताला आणि कोंफ्रारियेला आपला वाटा देत असे. परंतु चर्चचा मुख्य आश्रयदाता तो नव्हता. हिशेब विचारायचाच तर तो राजाने विचारायचा.

१९ डिसेंबर १९६१ नंतर ही स्थिती मुळापासून बदलली. भारतीय राज्यघटनेच्या २७ व्या कलमाप्रमाणे एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी खर्चावयाचा कर देण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही. राजाश्रय गेला आणि गोव्यातील चर्च मुख्यतः आपल्या भाविकांच्या दानावर आणि पूर्वापार जमिनींवर उभे राहिले. ते दान कोणी दिले? मुंबईच्या कुडांत राहून नोकरी करणाऱ्यांनी दिले, आखातात गेलेल्यांनी दिले, तारवट्यांनी दिले, आणि घरी राहून नारळ विकणाऱ्या माउल्यांनीही दिले. या दानामागे सत्तेची तलवार नाही की कराची पावती नाही. ते स्वेच्छेचे आहे, आणि म्हणूनच नैतिक जबाबदारीचा प्रश्न या पिढीपुढे जितक्या स्पष्टपणे उभा आहे तितका पूर्वीच्या पिढ्यांपुढे नव्हता. स्वातंत्र्याबरोबर आलेले हे ओझे आहे.

आता ही जबाबदारी कोणत्या प्रकारची, ते पाहू. आपल्याकडे दानाचा विचार फार जुना आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांत देश, काल आणि पात्र यांचा विचार करून दिलेले दान श्रेष्ठ मानले आहे. पात्रापात्र न पाहता दिलेले दान तेथे तामस ठरते. म्हणजे देणाऱ्याचा हात सुटला की त्याचे काम संपले, ही समजूत आपल्या परंपरेलाही मान्य नाही.

कॅथलिक नीतिशास्त्राने हा प्रश्न वेगळ्या बाजूने आणि अधिक काटेकोरपणे मांडला आहे. अठराव्या शतकातील संत आल्फोन्सस लिगोरी यांच्या विवेचनापासून तेथे दुसऱ्याच्या दुष्कृत्यातील सहभागाचे दोन प्रकार केले जातात. दुष्कृत्याचा हेतूच ज्याला मान्य आहे तो त्यात पूर्णार्थाने सहभागी. हेतू मान्य नाही, पण ज्याच्या साहाय्याचा दुष्कृत्याला उपयोग झाला, तो दुसऱ्या प्रकारचा सहभागी. या दुसऱ्याचा दोष ठरवताना काही गोष्टी पाहाव्या लागतात. त्याला माहिती किती होती? त्याचे साहाय्य त्या कृत्याच्या किती जवळ होते? ते देण्यामागे पुरेसे सबळ कारण होते काय? आणि दुसरा मार्ग त्याला मोकळा होता काय?

या कसोट्या त्या तारवट्याच्या प्रश्नाला लावून पाहा. इगर्जीचे छप्पर गळते म्हणून त्याने पैसे पाठवले आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला कोणा अधिकाऱ्याने गुन्हा झाकला, तर त्या दोहोंत फार मोठे अंतर आहे. दोषाचा वाटा तेथवर ओढणे हा न्याय होणार नाही. परंतु त्याच्याच फिरगजेत काही अनुचित घडत आहे अशी विश्वसनीय वार्ता त्याच्या कानी आली, विचारणे त्याला शक्य होते, आणि तरीही कशाला उगाच म्हणून तो गप्प राहून पैसे पाठवत राहिला, तर ते अंतर उरत नाही. पैसे देण्यात दोष नव्हता. तो माहीत असून न विचारण्यातून आला.

येथे कोणी म्हणेल, की भाविकाने विचारणे हेच श्रद्धेला धरून नाही. चर्चचे स्वतःचे नियम मात्र असे म्हणत नाहीत. कॅनन लॉ म्हणून ओळखली जाणारी चर्चची नियमसंहिता १९८३ साली नव्याने जाहीर झाली. तिच्या २२२ व्या कलमात चर्चच्या गरजा भागविण्यास मदत करणे हे भाविकांचे कर्तव्य सांगितले आहे. पण तिथेच ती थांबत नाही. ५३७ व्या कलमाप्रमाणे प्रत्येक फिरगजेत अर्थसमिती असलीच पाहिजे आणि तीत भाविकांनी पाद्री विगाराला साहाय्य करायचे आहे. १२६७ व्या कलमाप्रमाणे विशिष्ट कारणासाठी दिलेले दान त्याच कारणासाठी वापरता येते. १२८७ व्या कलमाप्रमाणे भाविकांनी अर्पण केलेल्या द्रव्याचा हिशेब भाविकांना द्यायचा आहे. आणि २१२ वे कलम तर चर्चच्या हिताच्या गोष्टींविषयी आपले मत धर्माधिकाऱ्यांना कळविणे हा भाविकांचा अधिकार, आणि ज्ञान व योग्यता असेल तेव्हा कर्तव्यही, मानते. म्हणजे जी नियमसंहिता द्या म्हणते तीच विचारा असेही म्हणते. आपल्याकडे पहिले कलम प्रवचनातून सर्वांना पाठ होते आणि बाकीची पुस्तकात राहतात, एवढाच फरक.

बायबलमधील गरीब विधवेची गोष्ट दानाच्या संदर्भात नेहमी सांगितली जाते. तिने मंदिराच्या भांडारात दोन लहान नाणी टाकली आणि येशूने तिचे दान श्रीमंतांच्या दानाहून मोठे ठरविले. मार्कच्या शुभवर्तमानात हा प्रसंग बाराव्या अध्यायात येतो. त्याच्या लगेच आधी काय आहे ते मात्र क्वचित सांगितले जाते. विधवांची घरे गिळणाऱ्या आणि लांबलचक प्रार्थनांचा देखावा करणाऱ्या शास्त्र्यांविषयी तेथे कठोर इशारा आहे. देणारीची स्तुती आणि घेणाऱ्याला इशारा हे तेथे एकमेकांना लागून आहेत. ते वेगळे करून वाचले, की दानाचा अर्धाच धर्म हाती येतो.

जगात अलीकडे काय घडले तेही पाहण्यासारखे आहे. २००२ च्या जानेवारीत अमेरिकेतील बोस्टन ग्लोब या वृत्तपत्राने तेथील महाधर्मप्रांतात मुलांवर झालेले अत्याचार आणि ते वर्षानुवर्षे कसे झाकले गेले हे उघड केले. त्याच वर्षी डिसेंबरात तेथील कार्डिनलना पद सोडावे लागले. २००३ साली पाचशेहून अधिक पीडितांशी साडेआठ कोटी डॉलरचा समझोता झाला. त्या काळात तेथील भाविकांनी 'व्हॉइस ऑफ द फेथफुल' ही संघटना उभारली. तिची भूमिका मला विचार करायला लावणारी वाटते. त्यांनी चर्च सोडले नाही आणि दानही सोडले नाही. महाधर्मप्रांताच्या सर्वसाधारण निधीत पैसे घालण्याऐवजी गोरगरिबांच्या सेवाकार्यासाठी वेगळा निधी उभारून तो द्यावा, असे त्यांनी ठरविले. अधिकाऱ्यांनी प्रथम तो नाकारला. पण दान कोठे जावे हे ठरविण्याचा विवेक भाविकाजवळ असतो, ही गोष्ट त्यातून जगापुढे आली.

आपल्या देशातही उदाहरण आहे. केरळातील एर्नाकुळम-अंगमाली महाधर्मप्रांतातील जमिनींच्या विक्रीचे व्यवहार २०१७ च्या अखेरीस वादात सापडले. हिशेब मागण्यात सामान्य भाविकांच्या बरोबरीने तेथील पाद्रीही पुढे होते. त्याआधी २००९ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने चर्चच्या मालमत्तेसाठी कायद्याचा मसुदा सुचविला होता. चर्चच्या विरोधामुळे तो पुढे सरकला नाही. गोव्यात माजी केंद्रीय मंत्री एदुआर्द फालेरो यांनी अशाच कायद्याची मागणी जाहीरपणे केली. शासनाचा हात धर्मसंस्थेत शिरला तर अल्पसंख्य समाजाचे स्वातंत्र्य धोक्यात येईल, ही चर्चची भीती निराधार म्हणता येणार नाही. कायदा व्हावा की न व्हावा, याचा निर्णय त्या समाजाने करावा. पण कायदा नसेल तेव्हा भाविकाची जबाबदारी कमी होत नाही, उलट वाढते. बाहेरचा तपासनीस नको असेल तर घरातल्याने वही पाहिली पाहिजे.

आपल्या भागात हा विचार तातडीचा झाला आहे. २०२२ च्या डिसेंबरात मोपाच्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि पेडणे तालुक्यातील जमिनीकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. पूर्वजांनी देवासाठी ठेवलेली जमीन, मग ती इगर्जीची असो वा देवळाची, ज्यांच्या हाती आहे त्यांच्यापुढे उद्या मोठे मोह उभे राहणार आहेत. त्या वेळी फिरगजेच्या सभेत बसून चार प्रश्न विचारणारी माणसे असली पाहिजेत. ती नसली तर नंतर हळहळण्यात अर्थ नाही.

विचारणे आणि मालकी गाजविणे यांत मात्र भेद केला पाहिजे. दान देणाऱ्याचा अहंकार हाही एक जुना रोग आहे. कोंफ्रारियेच्या सदस्यत्वावरून आणि फेस्ताच्या मानावरून साष्टीत, विशेषतः कुंकळीला, गावकार आणि इतर यांच्यात जे वाद झाले ते गोव्यात सर्वांना ठाऊक आहेत. देवळांच्या महाजनकीत आपणही तेच करतो. आमच्या घराण्याने दिले म्हणून पालखीचा मान आमचा, आणि ज्यांनी घाम गाळला ते सभामंडपाबाहेर. दात्याला हिशेब मागण्याचा अधिकार आहे. देवाच्या दारात कोणाला किती आत घ्यावे हे ठरविण्याचा अधिकार दानातून येत नाही.

मग पैसे देणे थांबवावे काय? हा उपाय सोपा दिसतो, पण त्याचा फटका कोणाला बसतो ते पाहिले पाहिजे. थैली रिकामी झाली तर पहिल्यांदा अडचण होते ती धर्मशिक्षण देणाऱ्या बाईची, इगर्जीच्या शाळेतल्या गरीब मुलाची, वृद्धाश्रमातल्या निराधाराची. ज्याने चूक केली तो शेवटी येतो. म्हणून दान थांबविणे हा पहिला उपाय नसावा. आधी अर्थसमितीचा वार्षिक हिशेब वाचावा. तो लावला जात नसेल तर मागावा. दान विशिष्ट कारणासाठी द्यावे आणि तसे लिहून द्यावे. उत्तर मिळत नसेल तर वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांकडे लेखी जावे. इतके करूनही दाद लागली नाही, तर तोच पैसा गरजूंकडे सरळ पोहोचवावा. त्याने देणाऱ्याच्या श्रद्धेला बाध येत नाही.

एका गोष्टीत मात्र अशा पायऱ्या नाहीत. बालकावर अत्याचार झाल्याची माहिती मिळाली, तर प्रश्न दानाचा राहत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे ज्याला अशी माहिती आहे त्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळविली पाहिजे. मग तो कॅथलिक असो वा हिंदू, आणि ठिकाण इगर्ज असो, मठ असो वा आमची शाळा असो. संस्थेच्या अब्रूसाठी मुलाचे दुःख झाकणे याला कोणत्याही धर्मात जागा नाही.

मित्रहो, येथवर मी शेजाऱ्याच्या घराविषयी बोललो. आता आपल्या घराकडे वळतो, नाहीतर हे भाषण परोपदेश ठरेल. गोव्यातील देवस्थानांना १८८६ पासून महाजनकीचे नियम आहेत आणि १९३३ च्या नियमावलीप्रमाणे त्यांचा कारभार मामलेदाराच्या देखरेखीखाली येतो. एवढी व्यवस्था असूनही आपल्यापैकी किती जणांनी देवस्थानाचा ताळेबंद डोळ्यांखालून घातला आहे? डिचोली तालुक्यात खाणींच्या भरभराटीच्या दिवसांत जत्रेला, कालोत्सवाला, नाटकाला आणि फेस्तालाही खाणींकडून देणग्या येत. आपण त्या आनंदाने घेतल्या. शेतात माती वाहून येत होती, झरी आटत होत्या, हे आपल्याला दिसत होते. पुढे २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबविल्या आणि २१ एप्रिल २०१४ च्या निकालात नोव्हेंबर २००७ नंतरचे खाणकाम बेकायदेशीर ठरविले. त्या वर्षांत देवाच्या नावाने आपण स्वीकारलेल्या पैशाचा उगम आपण विचारला होता काय? कॅथलिक भाविकाने आपला पैसा कोठे जातो हे विचारावे असे आपण म्हणत असू, तर आपण आपल्याकडे पैसा कोठून येतो हेही विचारले पाहिजे. देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे उत्तरदायित्व एकाच जातीचे आहे.

शेवटी या वाचनालयाविषयी दोन शब्द. वर्षाची वर्गणी भरणारा सभासद हाही दाताच आहे. वार्षिक सभेची सूचना फलकावर लागते, अहवाल वाचला जातो, हिशेब मंजूर होतो, आणि बहुतेक ठिकाणी त्या सभेला गणपूर्तीपुरतीही माणसे जमत नाहीत. अर्ध्या तासाने तहकूब सभा भरवून काम उरकावे लागते. आपल्या संस्थेने शंभर वर्षे काढली याचा अर्थ, कोणत्या तरी काळात कोणी तरी त्या सभेला येऊन बसत होते, वही उघडायला लावत होते, रोषही पत्करत होते. त्यांची नावे देणगीदारांच्या संगमरवरी फलकावर नसतील. पण ज्यांनी नुसते दिले त्यांच्याइतकेच, ज्यांनी देऊन वर विचारले त्यांचेही या वास्तूवर ऋण आहे.

या वर्षीची वार्षिक सभा लवकरच भरेल. तिला आपण सर्वांनी यावे, हिशेबाची पाने शांतपणे वाचावीत आणि न समजले ते विचारावे, अशी विनंती करतो. पदाधिकाऱ्यांनीही त्याचा राग मानू नये.